घरी माहीत आहे का?

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ एसटी स्टँडची भिंत, रेल्वे फाटकाजवळचा खांब, गावाच्या वेशीवरचा विजेचा डीपी, हा मजकूर नाही अशी जागा दाखवा. खाली मोबाईल नंबर आणि ‘चहा-जेवणातून द्या, शंभर टक्के गॅरंटी’. एकदा तर मी ती जाहिरात पुरुषांच्या मुतारीत पाहिली. बायकांसाठीची जाहिरात तिथं चिकटवून काय साधलं, हे चिकटवणाऱ्यालाच ठाऊक. कारण ती जाहिरात पिणाऱ्यासाठी नसतेच. ती त्याच्या बायकोसाठी, आईसाठी, फार तर लग्न होऊन गेलेल्या बहिणीसाठी असते. ज्याची दारू सुटायची आहे त्याला या अख्ख्या व्यवहाराचा पत्ता नाही.

दारू नकोशी करणारी एक खरीखुरी गोळी आहे, डायसल्फिराम. १९४८ पासून ती वापरात आहे. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या सुटतात, रक्तदाब कोसळतो, एखाद्याच्या जिवावरही बेततं. म्हणून डॉक्टर ती समजावून सांगून, पेशंटची संमती घेऊन देतात. ‘आज मी गोळी घेतलीय, आज प्यायचं नाही’ हे त्याला स्वतःला माहीत असण्यातच तिचा सगळा उपयोग. वरणात कालवून दिली तर तो उपचार राहत नाही, विषप्रयोग होतो. हे मी आजवर निदान डझनभर माउल्यांना सांगितलं असेल. त्या ऐकून घेतात आणि विचारतात, ‘मग त्यांना सांगून दिली तर ते घेतील का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. एका पतसंस्थेत आयुष्य गेलं, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. दारू पिणारे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेले. कर्जदार म्हणून, जामीनदार म्हणून, आणि वसुलीला गेल्यावर आतून ‘ते घरी नाहीत’ असं स्वतःच्याच आवाजात सांगणारे म्हणून. निवृत्तीनंतर ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, ‘इथं नाशिकला, त्र्यंबक रस्त्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी जातो, तिथल्या लोकांशी जरा पैशांबद्दल बोलाल का? भावनांबद्दल बोलायला आमच्याकडे माणसं आहेत, पैशांबद्दल बोलायला कुणी नाही.’ तेव्हापासून शनिवारी दुपारी माझा तास असतो. तिथं मला सगळे ‘बँकवाले काका’ म्हणतात. पतसंस्था आणि बँक यांतला फरक मी सुरुवातीला समजावून सांगायचो, आता सोडून दिलंय.

गेटवर पाटी आहे : ‘व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्र, फक्त पुरुषांसाठी’. मला ती निव्वळ सोयीची पाटी वाटली होती. एकच वॉर्ड, एकच आंघोळीची रांग, भानगड नको. चालवणाऱ्यांच्या मनातही बहुतेक ठिकाणी याहून जास्त काही नसतं. पुरुषच जास्त पितात, म्हणून खाटा पुरुषांसाठी. आकडेही तेच सांगतात. २०१९ साली दिल्लीच्या एम्सनं सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशभरातली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांपैकी २७.३ टक्के दारू पिणारे निघाले आणि बायकांपैकी १.६ टक्के. पिणाऱ्या एका बाईमागे सतरा पुरुष. त्याच पाहणीतला दुसरा आकडा माझ्यासारख्या वसुलीवाल्याला जास्त टोचतो : दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकाला काहीतरी उपचार मिळाले, आणि दवाखान्यात किंवा केंद्रात दाखल होऊन उपचार मिळाले ते एकशे ऐंशी जणांमागे एकाला. (त्या सतरांसमोरच्या एकीचं काय, हा वेगळाच लेख होईल. तिला तर दाखल व्हायला जागा शोधण्यापासून सुरुवात.)

पुढे एक गंमत वाचनात आली. अमेरिकेतल्या सॅम्सा या सरकारी संस्थेनं बायकांच्या व्यसनोपचारासाठी वेगळी मार्गदर्शिका काढली २००९ साली, आणि पुरुषांसाठीची २०१३ साली. पुरुषांची नंतर! आधी मला वाटलं, छपाईची चूक असेल. मग लक्षात आलं, त्याआधीचं सगळंच पुरुष समोर धरून लिहिलेलं होतं, म्हणून पुरुषाला पुरुष म्हणून काय अडचण आहे हे कुणी वेगळं विचारलंच नव्हतं. वॉर्डभर तोच असतो आणि त्याच्याबद्दल बोलणं मात्र राहून जातं.

आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली उभं राहिलं. तेव्हा गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची लाट होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी तिथल्याच आवारात ते काम घडवलं. बायकांसाठीचा ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. पण मुक्तांगणची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथं मारझोड, साखळदंड, कोंडून ठेवणं यांना पहिल्यापासून जागा नव्हती. पुरुषांच्या केंद्राच्या बाबतीत हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘फक्त पुरुषांसाठी’ या पाटीआड बरंच काही खपवलं जातं.

उदाहरण सांगतो. रात्री दीड-दोनला घरी गाडी येते. चार दांडगी पोरं उतरतात, झोपेतल्या माणसाला उचलतात, गाडीत घालतात. घरच्यांनीच फोन केलेला असतो, घरचे थकलेले असतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पुढे काय होतं? माझ्या तासाला बसलेल्या एकानं या आधी दुसऱ्या एका ठिकाणी काढलेल्या महिन्यांबद्दल सांगितलं. चुकलं की उठाबशा, उलट बोललं की पट्टा, आणि भेटीच्या दिवशी घरच्यांसमोर ‘मी इथं खूप आनंदात आहे’. तिथल्या चालकाचं म्हणणं, ‘पुरुष आहे, दोन फटके खाल्ल्यानं काय मरतोय!’ आता कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनाचे आजार मानसिक आजारांतच धरले आहेत. अशा संस्थांना नोंदणी बंधनकारक आहे, आणि कुणालाही साखळीनं बांधायला सरळ मनाई आहे. पण हे कागदावर. उंबऱ्यावर रडणारी आई कायद्याचं पुस्तक उघडून केंद्र निवडत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर केंद्र बघायला जाताना तिथली बाग बघू नका, देवाचा फोटो बघू नका. डॉक्टर कोणत्या वारी येतात ते विचारा, नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, आणि आधी राहून गेलेल्या एखाद्याशी एकट्यानं बोलू देता का, असं विचारा. चालक कपाळाला आठ्या घालतो की नंबर काढून देतो, यावरून निम्मं कळतं.

डॉक्टर का, ते सांगायला हवं. सातपूरच्या कारखान्यातला एक टर्नर आमच्याकडे आला होता. वय सेहेचाळीस, मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर वाचणारा माणूस. सकाळी सातची शिफ्ट असली तर साडेसहाला ‘उतारा’ लागायचा. उतारा घेतला की हात स्थिर आणि जॉब बिनचूक. न घेता गेला तर टूल धरवेना. त्यामुळे वर्षानुवर्षं त्याची पक्की समजूत, की हाताचं थरथरणं हा आजार आणि दारू हे त्याचं औषध. घरच्यांनी एकदा त्याला खोलीत कोंडून दारू तोडायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी फिट आली.

डॉक्टरांनी त्याला (आणि भिंतीशी टेकून बसलेल्या मला) सांगितलं ते असं. रोजच्या दारूनं मेंदू दाबलेला राहतो, म्हणून तो स्वतःला सतत जास्तीच्या वेगात ठेवायला शिकतो. दारू एकदम काढली की तो वेग तेवढाच उरतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिटचा धोका. आणि काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, गोंधळ, ताप. हा शेवटचा प्रकार अंगावर काढला तर माणूस दगावतो. म्हणून क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या आधी भरपूर, मग उतरत्या मात्रेनं, आणि सोबत बी-वनची इंजेक्शनं, कारण दारूवर जगणाऱ्याच्या शरीरात ते जीवनसत्त्व शिल्लकच नसतं. टर्नरला तिसऱ्या रात्री भास झाले. रात्रपाळीच्या मुलानं सांगितलं, तो चादरीवरून लोखंडाचा कीस झाडत होता. दोन बोटांच्या चिमटीत एकेक तुकडा धरायचा, डोळ्यांपाशी नेऊन बघायचा, खाली टाकायचा, आणि शेजारच्या खाटेवरच्याला बजावायचा, ‘चष्मा लाव, डोळ्यात जाईल.’ वॉर्डात ना मशीन ना कीस. पहाटे सलाईनखाली झोपला.

आठवड्यानंतर हात शांत झाले तेव्हा मी त्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या ‘एए’ गटांची गोष्ट सांगितली. १९३५ साल, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. शेअरबाजाराच्या कामात हरलेला बिल आणि तिथला सर्जन डॉक्टर बॉब, दोघेही अट्टल. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटायला आला आणि कित्येक तास बसून राहिला. पुढे १० जूनला बॉबला ऑपरेशन करायचं होतं, हात थरथरत होता, म्हणून बिलनंच त्याला सकाळी बिअर दिली. ती त्याची शेवटची, आणि तोच दिवस एएचा वाढदिवस धरतात. बारा पायऱ्या, एकमेकांचा आधार, हे सगळं टर्नरनं शांतपणे ऐकलं. त्याला त्यातलं एकच भावलं. ‘म्हणजे काका, डॉक्टरलापण उतारा लागायचा?’ त्या दिवसापासून तो माझ्या तासाला पुढे बसू लागला.

तासाला मी वही देतो. दोनशे पानी नाही, शाळकरी चाळीस पानी. त्यात तीन रकाने आखायला लावतो : कोणाचे, किती, घरी माहीत आहे का. बस्स, एवढंच. कुणी कुणाची वही बघायची नाही.

पहिले दोन रकाने भराभर भरतात, हे मला आजही नवल वाटतं. जो माणूस समुपदेशकासमोर ‘मला वाईट वाटतं’ हे तीन शब्द तीन आठवडे काढत नाही, तो आकडे मात्र पैपैचे सांगतो. पतसंस्थेचं कर्ज एक लाख ऐंशी हजार. सोनाराकडे गहाण अडीच तोळे. भिशीचे चार हप्ते थकले. कंपनीच्या सोसायटीतून उचल. बारवाल्याचं खातं. मेव्हण्याकडून हातउसने, ‘गाडीचं काम आहे’ सांगून. मित्राला जामीन राहिलो, मित्र पळाला. पुरुषांना लहानपणापासून बोलायला शिकवलेली ही एकच भाषा आहे, कमावलं किती आणि घालवलं किती. मग बोलणं तिथूनच सुरू करावं. अमेरिकेतल्या मार्गदर्शिकेत काय असेल ते असो, मला नाशिकच्या वॉर्डात सापडलेला रस्ता हा आहे.

तिसऱ्या रकान्यापाशी पेनं थांबतात. ‘नाही, नाही, नाही, नाही’ असं खाली खाली जात राहतं. कुणी विचारतं, ‘थोडं माहीत आहे असं लिहिलं तर चालेल का?’ चालेल म्हणतो. मोठ्या रकमेनं सहसा कुणी हलत नाही, एक लाख ऐंशी हजार हा सगळ्यांना पेलणारा आकडा असतो. माणूस अडखळतो तो भलत्याच जागी. पंचवटीतला एक टेम्पोवाला, आडदांड, बोलण्यात शिवीशिवाय वाक्य नाही. त्यानं अर्धं पान झरझर भरलं आणि शेवटच्या ओळीवर पेन ठेवून बसला. बऱ्याच वेळानं लिहिलं : ‘मुलीचा गल्ला, ३४०’. तिसऱ्या रकान्यात ‘हो’. पूर्ण पानातला तेवढा एकच ‘हो’. म्हणाला, ‘फोडताना ती दारात उभी होती. काही बोलली नाही.’ मग तो उठून बाहेर गेला, आणि मागे दोघे-तिघे गेले. समुपदेशक नव्हे, त्याच्याच बरोबरचे. एकानं त्याला तंबाखू मळून दिली. (तंबाखूबद्दल केंद्राची भूमिका काय, हे मी विचारत नाही.)

तेव्हा मला गेटवरच्या पाटीचा अर्थ जरा कळला. आमच्याकडे पुरुष एकमेकांशी मनातलं बोलतात ते बैठकीत, दुसऱ्या-तिसऱ्या पेगनंतर. ‘भावा, तुला सांगतो’ हे वाक्य कोरड्या तोंडानं येत नाही. नोकरी जाण्याची भीती, बापाशी अबोला, बायकोवरचा संशय, अंथरुणातलं अपयश, हे सगळं ग्लासाच्या साक्षीनं निघतं आणि सकाळी दोघंही विसरल्याचं नाटक करतात. दारू सुटली की दारूबरोबर ती एकुलती एक बोलायची जागाही जाते. घरी परतलेला माणूस महिनाभर गप्प बसून असतो आणि बायको आनंदानं सांगते, ‘आता अगदी शांत झालेत.’ मला त्या शांततेचीच धास्ती वाटते. केंद्रात बाई नसण्याचा खरा फायदा झालाच तर हा, की तिथं न पिता एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला सांगायची सवय लागू शकते. लागू शकते म्हणतो, आपोआप लागत नाही. नुसते चाळीस पुरुष एका छताखाली ठेवले तर तिथंही कट्टा तयार होतो, कोण किती प्यायचा याच्या फुशारक्या सुरू होतात.

संशय आणि अंथरुण यांचं मी मुद्दाम लिहिलं. दारूनं लैंगिक ताकद घटते, आणि ती घटली की पिणारा बायकोवर संशय घ्यायला लागतो, हे डॉक्टरांना रोजचं आहे. बायकोसमोर, आईसमोर, बाईमाणूस समुपदेशक असली तर तिच्यासमोर, हे तो मेला तरी बोलणार नाही. पुरुषांच्या गटात एकानं विषय काढला की खोलीत आधी हशा, मग एकदम शांतता, मग दुसरा म्हणतो, ‘माझंपण तेच होतं.’ पुढे डॉक्टर सांगतात, दारू बंद राहिली तर बऱ्याच जणांचं काही महिन्यांत सुधारतं. ते ऐकताना मी जेवढी लक्ष देऊन ऐकणारी माणसं पाहिली, तेवढी पतसंस्थेच्या लाभांश जाहीर होण्याच्या सभेतही पाहिली नाहीत.

वीस-बावीसची पोरं वेगळी. त्यांचा नाद दारूचा नसतो. मालेगावकडून आलेली असली तर कुत्ता गोळी, म्हणजे झोपेच्या गोळीचाच प्रकार, अल्प्राझोलम. शहरातली असली तर एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे ड्रग. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा सगळं नाशिक दचकलं. या पोरांनी मला सांगितलं, ‘काका, आम्ही नाही दचकलो.’ यांच्या वहीत गहाण सोनं नसतं. मोबाईलचे हप्ते, कर्ज देणारी ॲपं, ऑनलाइन गेममध्ये हरलेले. वसुलीवाला दारात येत नाही, फोनमधल्या सगळ्या नंबरांना मेसेज टाकतो. म्हणजे तिसरा रकाना त्यांचा आपोआपच भरतो. दारूवाले वडीलधारे या पोरांकडे तुच्छतेनं बघतात, ‘आम्ही निदान खाऊन-पिऊन होतो.’ पोरं म्हाताऱ्यांना ‘बेवडे’ म्हणतात. एकाच वॉर्डात हे दोन वर्ग ठेवणं मला पटत नाही, पण खाटा कमी आणि खर्च फार, तेव्हा माझ्या न पटण्याला कोण विचारतो.

खर्चाचंही ऐका. रविवारी भेटायला बायका येतात. एका वहिनींनी फी भरली ती पावती मी सवयीनं पाहिली आणि विचारलं, कुठून उभे केले? बचत गटाचं कर्ज, म्हणाल्या. महिलांचा गट, शेळीसाठी म्हणून कर्ज काढलेलं, आणि गटातल्या अकराजणींना खरं कारण माहीत होतं. त्यातल्या तिघींनी आधी त्याच कारणासाठी काढलेलं. महाराष्ट्रात दारूच्या विरोधात जे काही उभं राहिलं, ते बायकांनी उभं केलंय. आडव्या बाटलीचं मतदान त्यांनी लावून धरलं, गावातली दुकानं त्यांनी बंद पाडली. ज्या गाडगे महाराजांनी खापर हातात घेऊन ‘दारू पिऊ नका’ म्हणून गावोगाव कीर्तनं केली, त्यांच्या नावाचा पूल आमच्या गोदावरीवर आहे. त्या पुलाखालून जाताना मी बघतो, काठाशी चार टाळकी बसलेली, सगळे पुरुष. कीर्तन ऐकून कोण घरी गेलं, ते दिसतंच.

आणि नाशिक म्हणजे आता वाईनची राजधानी. २७ जानेवारी २०२२ ला अनिल अवचट गेले आणि त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय घेतला. योगायोग असेल, पण संध्याकाळच्या बातम्यांत एकामागून एक ऐकताना चमत्कारिक वाटलं. मी द्राक्षवाल्यांच्या विरोधात नाही. निफाड-दिंडोरीच्या बागांना मी स्वतः कर्जं मंजूर केलीत, अवकाळीत घड झडताना शेतकऱ्याचा चेहरा पाहिलाय. वाईन पिऊन दाखल झालेला मला एकही भेटला नाही; भेटतात ते देशीवाले आणि क्वार्टरवाले. तरी ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असं कुणी मोठ्यानं म्हणालं की आमच्या वॉर्डातल्यांना हसू येतं. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ इथूनच त्यांची सुरुवात झालेली असते.

बाहेर पडल्यावरची अडचण न पिण्याची नसते, ‘नाही’ म्हणण्याची असते. पुरुषाला नुसतं ‘मी पीत नाही’ म्हणून सुटका नाही. कारण द्यावं लागतं, आणि ते मर्दानी असावं लागतं. श्रावण चालतो, पण त्याच्या आधी गटारी येते आणि पाठोपाठ गणपती विसर्जन. शिवाय ‘मी श्रावण कडक पाळतो’ हा तर प्रत्येकाचा ‘मी व्यसनी नाही’ याचा पुरावा. ‘डॉक्टरांनी बंद केलीय’ चालतं, लिव्हरच्या रिपोर्टला मान आहे. ‘गाडी चालवायचीय’ हे आमच्याकडे अजून कारण मानलं जात नाही. सगळ्यात मजबूत कारण म्हणजे माळ. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीसोबत त्र्यंबकला गेला, तुळशीची माळ घातली, की गावात कुणी आग्रह करत नाही, उलट ‘माउली’ म्हणतात. माझा एए वर राग नाही, पण खेड्यातल्या माणसाला मी आधी माळेबद्दल विचारतो. केंद्रातल्या काही तज्ज्ञांना हे मागासलेपणाचं वाटतं. वाटू दे. ज्याच्याकडे नकाराचं कारण तयार नाही, तो पहिल्याच लग्नाच्या हळदीत स्लिप होतो, म्हणजे पुन्हा पितो. आणि स्लिप झाला तर लाजेनं तोंड लपवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी केंद्रात फोन करावा, १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला करावा, सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात जावं. हा आजार उलटतो, जसा दमा उलटतो. त्यात नाक कापण्यासारखं काही नाही.

घरी गेल्यावर आणखी एक घोळ. केंद्रात प्रत्येकाला स्वयंपाकघराची पाळी असते. टर्नरनं तिथं आयुष्यात पहिल्यांदा पोळी लाटली. शतांश मिलिमीटरचा माणूस, त्याची पोळी पहिल्या आठवड्यात गोल आली आणि जाडीला सगळीकडे सारखी. सुटी झाल्यावर घरी गेला, पोळपाट पुढे ओढला, तर आई म्हणाली, ‘ठेव ते. बायको मेली का तुझी?’ वहिनी, म्हणजे त्याची बायको, हसल्या, पण त्यांनीही लाटणं काढून घेतलं. मग रिकाम्या हातांनी तो दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला, आणि ओट्यावर बसलेल्या पुरुषाला हाक मारणारे नाशिकमध्ये कमी नाहीत. एटीएम कार्ड वहिनींकडे, खर्चाला रोजचे पन्नास. यावर त्यांची भांडणं माझ्यापर्यंत आली. ‘मी काय शेंबडा पोर आहे?’ हे त्याचं, आणि ‘पोराला दिले असते, पोर परत आणून देतं,’ हे त्यांचं. शेवटी कार्ड वहिनींकडेच राहिलं, पण हिशेब त्यानं लिहायचा, असं ठरलं. आता वहिनीच स्वतःच्या भाजीचे आकडे त्याला द्यायला विसरतात आणि तो रागावतो.

परवा तो वही घेऊन आला. कायम नोकरी गेली होती, पण ओळखीच्या ठेकेदाराकडे लेथवर लागलाय. बरीच नावं खोडलेली, काहींपुढे हप्त्यांच्या तारखा. मेव्हणा मिटला, भिशी मिटली, सोनाराकडे जाणं सुरू आहे. एक ओळ अडलीय. बैठकीतला जुना जोडीदार, रक्कम चार हजार.

‘तो घेतच नाही काका. म्हणतो, पैसे राहू दे, तू ये फक्त.’

‘फोनपे कर की.’

‘केले. तासाभरात परत पाठवले. खाली लिहिलं, रविवारी बसू.’

मी म्हटलं, मग त्याच्या बायकोच्या नंबरावर पाठव. तो दचकला. ‘नको नको. तिला माहीत नाही त्यानं मला दिले ते. तिची अंगठी ठेवून आणलेले.’

‘मग काय करणार?’

त्यानं थोडा विचार केला. ‘तो कधीतरी इथं ॲडमिट होईलच ना काका. तेव्हा तुम्ही त्याला वही द्याल. त्याच्या वहीत ते येणं म्हणून लिहिलं जाईल, तेव्हा देतो.’

तोवर चार हजारांची मुदत ठेव कर, असं मी सुचवलं. त्याला ते पटलं. फक्त व्याज कुणाचं, त्याचं की मित्राच्या बायकोचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.